मालिकेतले लग्न खरे वाटेल असे कसे लिहावे

दैनंदिन मालिका लिहिणाऱ्या प्रत्येकावर कधी ना कधी लग्न लिहिण्याची वेळ येते. वाहिनीला विवाह विशेष भाग हवा असतो, निर्मात्याने मंडपाचा खर्च मंजूर केलेला असतो, आणि लेखकाच्या हाती मात्र आठवडाभराचे भाग व वीस-बावीस पात्रे एवढेच असते. अशी लग्ने मी लिहिली आहेत आणि त्याहून कितीतरी जास्त पाहिली आहेत. त्यांतली बहुतेक मंडप उतरला की विसरली जातात. जे एक लग्न माझ्या मनातून गेले नाही, ते झी मराठीवरील 'अग्गंबाई सासूबाई' या मालिकेतले. ही मालिका २०१९ च्या जुलैत सुरू झाली. निवेदिता सराफ यांची आसावरी आणि गिरीश ओक यांचे अभिजित राजे यांचे ते लग्न. पतीच्या निधनानंतर मुलाला एकटीने वाढवलेल्या, सासऱ्यांचे सगळे करणाऱ्या एका मध्यमवयीन बाईचे हे दुसरे लग्न, आणि त्यासाठी पुढाकार घेते ती तिची सून शुभ्रा, म्हणजे तेजश्री प्रधान.

ते खरे का वाटले, याचा मी लेखक म्हणून पुष्कळ विचार केला आहे. पोशाख, फुले, सनई हे सगळे इतर मालिकांमध्येही असते. मला सापडलेले उत्तर असे की त्या लग्नात आसावरी कुठे जाते आहे यापेक्षा ती कुठून निघते आहे हे आपल्याला जास्त ठाऊक होते. लग्न म्हणजे एका घरात माणूस येणे हे खरेच, पण त्याच क्षणी दुसऱ्या घरातली एक जागा रिकामी होते. ती जागा प्रेक्षकाला आधी नीट दिसली असेल, तरच अक्षता टाकताना त्याचा हात थरथरतो. या लेखात पुढे जे सांगितले आहे, ते सारे ही जागा कशी लिहावी याविषयी आहे.

सुरुवात मंडपापासून करू नये. लग्न जाहीर होण्याच्या निदान दोन महिने आधीच्या भागांत, जिचे किंवा ज्याचे लग्न होणार आहे त्या व्यक्तीचा घरातला पूर्ण दिवस एकदा कागदावर उतरवावा. सकाळी किती वाजता उठते, पहिला चहा कुणाचा, दाराची कडी कोण काढते, औषधाच्या गोळ्या कोण मोजून देते, कुणाचा रुमाल कुणाला सापडत नाही, रात्री दिवे कोण मालवते. आसावरीच्या बाबतीत हे काम मालिकेने फार मन लावून केले होते. तिचा मुलगा सोहम, म्हणजे आशुतोष पत्की यांनी साकारलेला बबड्या, नोकरी-संसाराच्या वयाचा झाला तरी त्याची प्रत्येक वस्तू आई त्याच्या हातात देते, आणि रवी पटवर्धन यांच्या करारी आजोबांच्या आवाजाबरोबर ती स्वयंपाकघरातून धावत येते, हे आपण भागामागून भाग पाहत होतो. त्या वेळी ते साधे कौटुंबिक प्रसंग वाटले. लग्नाचा विषय निघाला तेव्हा लक्षात आले की त्यातल्या प्रत्येक प्रसंगाने घरात एकेक खुंटी ठोकून ठेवली होती, आणि त्या सगळ्या खुंट्या आता एकदम मोकळ्या होणार होत्या.

दिनक्रम लिहून झाला की घरातल्या प्रत्येक पात्रासाठी एकच प्रश्न विचारावा: लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी याला सगळ्यात आधी काय मिळणार नाही? उत्तर भावनेच्या भाषेत देऊ नये. 'आईची माया' हे उत्तर लेखकाच्या काही कामाचे नाही, 'इस्त्री केलेला शर्ट' हे कामाचे आहे. शर्टाचा प्रसंग लिहिता येतो, तो नटाला करता येतो आणि माया त्यातून आपोआप दिसते.

हाच नियम तरुण जोडप्यालाही लागू पडतो. सतीश राजवाडे यांनी दिग्दर्शित केलेल्या 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' (२०१२) या मालिकेत घना आणि राधा यांचे लग्न हा मुळात दोघांनी आपसात केलेला करार होता. स्वप्नील जोशी यांच्या घनाला अमेरिकेला जायचे होते आणि मुक्ता बर्वे यांच्या राधाला वडिलांना एकटे सोडून जायचे नव्हते. करारावरचे लग्न ही कल्पना खऱ्या आयुष्यात क्वचितच घडणारी, तरीही त्या लग्नात प्रेक्षक गुंतला, कारण विनय आपटे यांनी उभ्या केलेल्या त्या वडिलांच्या घरात मुलगी गेल्यावर काय उरणार, हे आपल्याला दिसत होते. लग्नाचे कारण कितीही नाटकी असले तरी चालते. मागे राहणारा माणूस खरा असला पाहिजे.

आता विरोधाबद्दल, कारण विरोधावाचून मालिकेतले लग्न होत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की दागिने चोरणारी मावशी, ऐन वेळी बदललेली नवरी, दुधात मिसळलेले औषध हे सगळे एका भागाची उत्सुकता देते आणि लग्नाचा जीव घेते. विरोध घरातूनच यावा, आणि विरोध करणाऱ्याला आपले म्हणणे बरोबर वाटत असावे. बबड्याचा विरोध हा स्वार्थ होता हे प्रेक्षकाला कळत होते, पण बबड्याला तो स्वार्थ वाटत नव्हता. आईने या वयात लग्न केले तर लोक काय म्हणतील, या वाक्याच्या आड त्याची गैरसोय सुखाने लपत होती. आपल्याकडे ही गोष्ट किती जुनी आहे ते पाहावे. विधवा पुनर्विवाहाला परवानगी देणारा कायदा १८५६ सालचा आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केले तेव्हा कायदा त्यांच्या बाजूने होता, आणि तरीही मुरुडला त्यांना बहिष्कार सोसावा लागला. म्हणजे अडथळा कायद्याच्या पुस्तकात नव्हता, तो गावाच्या ओटीवर बसलेला होता, आणि आजच्या घरात तो सोफ्यावर बसलेला असतो. म्हणून विरोध करणाऱ्या पात्रासाठी एक पानभर स्वगत लिहावे, ज्यात ते पात्र अगदी मनापासून आपली बाजू मांडते. ते स्वगत मालिकेत वापरू नये. ते लिहून ठेवल्यावर त्या पात्राचे पुढचे दोन शब्दांचे संवादसुद्धा वजनदार होतात.

विरोध मावळतो तोही एका मोठ्या भाषणाने मावळू नये. ज्येष्ठ माणसे भाषणाने बदलत नाहीत. ती एखादी गोष्ट करून टाकतात आणि त्याबद्दल बोलत नाहीत. सासऱ्यांनी लग्नाला होकार दिला, असा संवाद लिहिण्याऐवजी सासरे स्वतः उठून जुन्या पेटीतून शालजोडी काढतात आणि ती उन्हात टाकतात, असे लिहावे.

विधींच्या बाबतीत बहुतेक चुका घाईमुळे होतात. हे कुटुंब कोणत्या भागातले, कोणत्या समाजातले, किती ऐपतीचे आणि किती देवभोळे, हे ठरवल्याशिवाय एकही विधी लिहू नये. मराठी लग्न म्हणजे एकच एक पद्धत नव्हे. आगरी-कोळी लग्नात धवलारीण धवळे, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाते आणि तिच्याशिवाय कार्य पुढे सरकत नाही. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाच्या पद्धतीने पुरोहिताविना लावलेले पहिले लग्न २५ डिसेंबर १८७३ चे आहे आणि त्या पद्धतीने आजही लग्ने होतात. 'तुझ्यात जीव रंगला' ही मालिका कोल्हापूरच्या मातीतली होती आणि तिथल्या पैलवानाच्या लग्नात जी भाषा, जी माणसे आणि जो गडबडगोंधळ शोभतो, तो पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या घरात आणून ठेवला तर हास्यास्पद होईल.

ब्राह्मणी वळणाच्या लग्नाचा सर्वसाधारण क्रम असा असतो: सीमांतपूजन, गौरीहर, अंतरपाट आणि मंगलाष्टके, कन्यादान, मंगळसूत्र, लाजाहोम, सप्तपदी, मग झाल (नवरीला सासरच्या माणसांच्या हाती सोपवण्याचा विधी) आणि वरात, आणि शेवटी सासरच्या उंबऱ्यावरचे माप. घराघरांत थोडा फरक असतो, म्हणून लिहिण्यापूर्वी त्या समाजातल्या एखाद्या जाणत्या बाईशी तासभर बोलावे. हा तास गुरुजींबरोबरच्या तासाहून जास्त उपयोगी पडतो, कारण गुरुजी मंत्र सांगतात आणि बाई कोण कुठे उभे राहते ते सांगतात. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळता साधारण बावीस मिनिटे हातात असतात. तेवढ्यात सगळे विधी कोंबण्यापेक्षा तीनच निवडावेत आणि ते पूर्ण दाखवावेत. निवडताना गोष्टीच्या उपयोगाचा विचार करावा. भाऊ-बहिणीची गोष्ट असेल तर लाजाहोम घ्यावा, कारण त्यात भाऊ बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालतो, आणि त्याला जोडून कानपिळी घ्यावी, ज्यात तोच भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. सासू-सुनेची गोष्ट असेल तर झाल घ्यावी. गौरीहरापाशी पिवळी साडी नेसून बसलेली नवरी एकटी असते, बाहेर गोंधळ आणि आत ती आणि अन्नपूर्णेची मूर्ती, म्हणून मनातली घालमेल दाखवायची असेल तर त्यासारखी जागा नाही.

लग्न थांबवण्याचा प्रसंग लिहायचा असेल तर एक बारकावा सांभाळावा. हिंदू विवाह कायद्याच्या (१९५५) सातव्या कलमानुसार, ज्या विधींत सप्तपदी असते तिथे सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. लोकांच्या मनात मात्र लग्न त्याआधीच लागलेले असते. आपण 'अक्षता पडल्या' असे म्हणतो ते लग्न झाले याच अर्थाने. मंगलाष्टक शार्दूलविक्रीडित वृत्तात असते, प्रत्येक चरणात एकोणीस अक्षरे, आणि शेवटी 'सावधान' येते. शेवटच्या 'सावधान'नंतर अंतरपाट बाजूला झाला, 'वाजवा रे वाजवा' ऐकू आले आणि वाजंत्री सुरू झाली की मंडपातल्या शंभर माणसांच्या दृष्टीने विषय संपलेला असतो. त्यांतली निम्मी जेवणाच्या दिशेने वळलेलीही असतात. त्यानंतर कुणी धावत येऊन 'थांबवा हे लग्न' असे ओरडले, तर कायद्याने ते बरोबर असेल, पण प्रेक्षकाला ते उशिरा आलेले वाटते.

संगीताचा कार्यक्रम, बूट लपवणे, नवरदेवाला हार घालताना खांद्यावर उचलून धरणे या मूळच्या मराठी नसलेल्या प्रथांबद्दल तक्रार करणारी पत्रे मालिकांना नेहमी येतात. माझे म्हणणे एवढेच की आजच्या अनेक मराठी घरांत हे सगळे होते, तेव्हा ते दाखवणे खोटे नाही. जे घर तुम्ही उभे केले आहे, त्या घरातली आत्या याला नाक मुरडेल का आणि धाकटा दीर यासाठी हट्ट करेल का, एवढे पाहावे. तो वादच एक चांगला प्रसंग होतो.

उतारवयातल्या लग्नासाठी नोंदणी पद्धतीचा विचार अवश्य करावा. विशेष विवाह कायद्याप्रमाणे (१९५४) तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि तीन साक्षीदार लागतात. ते तीस दिवस लेखकाला मिळालेली देणगी आहेत, कारण महिनाभर तो कागद सूचनाफलकावर असतो आणि कुणीही तो वाचू शकते. आणि तिसरा साक्षीदार कोण, हा प्रश्न तर अख्खा भाग चालवू शकतो. दोन साक्षीदार मिळतात. तिसरी सही घरातल्या ज्या माणसाची हवी असते, तो माणूस कार्यालयाच्या जिन्यात उभा असतो आणि वर येत नाही.

माणसांच्या हजेरीबाबत मला एकदा चांगलाच धडा मिळाला. मी लिहिलेल्या एका मालिकेत नवरीला मामा आहे असा उल्लेख सुरुवातीच्या भागांत आला होता. लग्नाच्या चित्रीकरणाला त्या नटाच्या तारखा मिळाल्या नाहीत आणि आम्ही तो विषय सोडून दिला. भाग लागला त्या रात्री माझ्या मावशीचा फोन आला. मंडप छान होता, नवरी गोड दिसत होती, यातले काही ती बोलली नाही. तिने एवढेच विचारले, "पोरीचा मामा कुठे होता रे? तिला मंडपात आणली कुणी?" चित्रीकरणाच्या ठिकाणी चाळीस माणसे होती आणि आमच्यापैकी एकालाही हा प्रश्न पडला नव्हता. 'मामाची गाडी घाटात अडकली आहे, तोवर काका उभे राहतील' एवढ्या एका वाक्याने काम झाले असते, आणि मामाची वाट पाहण्यातून प्रसंगही रंगला असता. तेव्हापासून मी लग्न लिहिण्याआधी नात्यांची यादी करतो: मामा, भाऊ, आत्या, करवली, पाठराखीण, विहीण, थोरले जावई. जो येणार नाही त्याच्या नावापुढे कारण लिहितो आणि ते कारण कुणाच्या तरी तोंडी घालतो. थोरले जावई तर आले तरी रुसून बसतात, तेही लिहून ठेवावे.

लग्नघर खरे वाटते ते कामामुळे. माझ्या बहिणीच्या लग्नात मंगलाष्टके सुरू झाली तेव्हा आई मंडपात नव्हती. कोठीघराच्या कुलपाची किल्ली तिच्या कमरेला होती आणि आचाऱ्याला साखर हवी होती. ती साखर काढून देऊन, हात पदराला पुसत बाहेर आली तेव्हा शेवटचे 'सावधान' होऊन गेले होते. तिच्या मुठीतल्या अक्षता तशाच राहिल्या, घामाने कुंकू सुटून तळहात लाल झाला होता. तिने त्या नंतर कुणाचे लक्ष नाही असे पाहून बहिणीच्या डोक्यावर टाकल्या. अनेक वर्षे झाली, त्या लग्नाचा हॉल मला धड आठवत नाही, पण तो लाल तळहात आठवतो. प्रत्येक लग्नात असे एक माणूस असते ज्याला लग्न पाहायला मिळत नाही. ते कोण, हे तुमच्या पटकथेत आधी ठरवा आणि कॅमेरा थोडा वेळ त्याच्यापाशी ठेवा. आहेराची वही लिहिणारा काका, पंगतीत ताटे मोजणारा शेजारी, रुखवतावर माशी बसू नये म्हणून पहारा देणारी आजी, ही सारी माणसे कमी खर्चात मिळतात आणि मंडप भरून टाकतात.

संवाद लिहिताना लक्षात ठेवावे की लग्नघरात लग्नाबद्दल कुणीही बोलत नाही. सगळे वस्तूंबद्दल बोलतात. समजा, दुसरे लग्न करून निघालेली सासू आणि तिची सून अशा दोघी खोलीत आहेत. निरोपाची चार वाक्ये लिहिण्यापेक्षा असे लिहावे:

"गॅसवाल्याचा नंबर फ्रीजवर चिकटवलाय."

"आई, आज तरी राहू द्या ना ते."

"आणि बाबांची रात्रीची गोळी अर्धी द्यायची. अख्खी दिलीस तर सकाळी चक्कर येते त्यांना."

"माहितीये मला."

"माहिती कशी असेल? मीच देत होते ना आजवर."

शेवटचे वाक्य म्हणताना नटीने रडू नये. तिथे पार्श्वसंगीतही नको. बाहेरून भांड्यांचा आवाज येऊ द्यावा. दिग्दर्शकाला आणि संकलकाला ही सूचना पटकथेतच लिहून द्यावी, कारण न लिहिल्यास त्या जागी सतार येते आणि प्रत्येक चेहऱ्यावर कॅमेरा तीन-तीन वेळा झेपावतो.

चित्रीकरणातल्या सातत्याकडे लेखकाने दुर्लक्ष करू नये. एका मुहूर्ताचे चित्रीकरण अनेक दिवस चालते, आणि त्या काळात हळद पुसली जाते, मेंदीचा रंग उडतो, हारातली फुले मलूल होतात, मुंडावळ्या एका दृश्यात गालापर्यंत तर दुसऱ्यात खांद्यापर्यंत येतात. प्रसंगांचा क्रम लिहितानाच कोणत्या प्रसंगात हार ताजा आणि कोणत्यात कोमेजलेला हे नमूद करावे. सकाळच्या मुहूर्तावर घातलेला हार संध्याकाळच्या वरातीत टवटवीत असेल तर प्रेक्षकाला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, पण त्याचा विश्वास थोडासा कमी झालेला असतो.

सगळ्यात शेवटी दाखवायचा, पण सगळ्यात आधी लिहायचा प्रसंग म्हणजे दुसऱ्या दिवशीची सकाळ. बहुतेक मालिका माप ओलांडले की नव्या घरातल्या कारस्थानाकडे वळतात आणि जुन्या घराचे दार बंद करून टाकतात. तसे करू नये. जुन्या घरातून नव्या घरी फोन जाऊ द्यावा. फोन करणाऱ्याला 'तुझी आठवण येते' असे म्हणता येत नाही, म्हणून तो विचारतो, हिंग कुठल्या डब्यात आहे. ती नव्या घराच्या न्हाणीघराबाहेर उभी असते, हातात टॉवेल असतो, गीझरचे बटण कोणते हे तिला अजून सापडलेले नसते आणि विचारायला संकोच वाटत असतो. पण फोनवर ती क्षणाचाही विचार न करता सांगते: फडताळाचा खालून दुसरा कप्पा, डाव्या हाताला, साबुदाण्याच्या मागे, पिवळ्या झाकणाची डबी. पलीकडे झाकण उघडल्याचा आवाज येतो.